रुसलेली काच

मित्रांनो, ताईच्या हातातली काचेची बांगडी डोळे मिटून बोटांनी फिरवून पाहा बरं! एका जागी बोट किंचित अडखळतं ना? तो बांगडीचा सांधा. उत्तर प्रदेशात फिरोजाबादला आधी काचेची उघडी कडी तयार करतात आणि मग तिची दोन टोकं ज्योतीवर तापवून जोडतात. आश्विनात देऊळगाव राजाला बालाजी महाराजांची यात्रा भरते. तिथे बांगड्यांच्या दुकानासमोर उभे राहाल तेव्हा हा सांधा आठवा.

फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून त्यांची साखळी करायचा खेळ तुमच्या आजीला ठाऊक असेल. हल्ली हौशी मंडळी असंच काम विजेच्या भट्टीत करतात. रंगीत काचेचे तुकडे एकावर एक रचायचे आणि भट्टी सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, की ते एकजीव होतात. ऐकायला किती सोपं! पण पहिल्या खेपेला काच बहुधा रुसतेच. अशा वेळी हिरमुसून तुकडा फेकून देऊ नका. आपण का रुसलो, हे काच स्वतःच सांगते. फक्त तिची भाषा वाचता आली पाहिजे.

तक्रार पहिली : काच तडकली. आधी भेगेची कड नीट बघा, हात लावू नका. कड गोलसर, गुळगुळीत असेल तर काच तापताना तडकली आणि पुढे वितळून तिची धार गेली. म्हणजे भट्टी सुरुवातीला फार भरभर तापवली. कड धारदार असेल तर काच गार होताना तडकली. पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती ताडकन फुटते, हे आजोबांना विचारा. तिथेही हेच घडतं. एक भाग गार होऊन आक्रसतो, शेजारचा गरमच असतो आणि दोघांची ओढाताण होते.

म्हणून वितळलेली काच एकदम गार करायची नसते. साधारण 500 अंशांच्या आसपास तिला थोपवून धरायचं. नेमका आकडा काचेच्या जातीवर ठरतो. 6 मिलिमीटर जाडीच्या कामाला तासभर विसावा पुरतो. काच जाड तर विसावाही जास्त. तेवढ्या वेळात आतली आणि बाहेरची काच सारखी गरम होते आणि ताण निघून जातो. त्यानंतरही सावकाशच गार करायची. आत काय झालंय ते बघायची घाई झाली तरी भट्टीचं दार उघडायचं नाही!

तक्रार दुसरी : दोन रंगांच्या मधेच भेग गेली. इथे दोष भट्टीचा नाही, जोडीचा आहे. तीन पायांच्या शर्यतीत एकाची ढांग मोठी आणि दुसऱ्याची छोटी असली, की दोघेही पडतात. काचेचंही तसंच. गार होताना एक काच जास्त आक्रसते, दुसरी कमी.

असं का? कारण प्रत्येक काचेची कृती निराळी. नुसती शुद्ध वाळू वितळवायला 1700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. तिच्यात सोडा घातला की हे काम बऱ्याच कमी उष्णतेत होतं, आणि चुन्यामुळे काच टिकाऊ होते. हा सोडा कुठे मिळतो म्हणाल, तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच, लोणारच्या खाऱ्या सरोवरात! तिथे काच आणि साबण करायला लागणारं साहित्य मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आइन-इ-अकबरी’त आहे. वाळू, सोडा आणि चुना यांचं प्रमाण बदललं की काचेचा स्वभाव बदलतो. म्हणून खिडकीची काच आणि बाटलीची काच यांचं लग्न लावू नका. एकाच काचेचे तुकडे घ्या, किंवा एकमेकींशी जुळतात म्हणून विकल्या जाणाऱ्याच काचा घ्या.

तक्रार तिसरी : मोठा बुडबुडा आला. दोन थरांमध्ये किंवा काचेखाली हवा अडकली. साधारण 650 अंशांवर अर्धा तास थांबलं, की कडा चिकटायच्या आधी हवेला निघून जायला वाट मिळते.

तक्रार चौथी : वर पांढुरकी साय धरली. काचेच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक तयार झाले. बोटांचे ठसे आणि धूळ असली की ते लवकर धरतात. काच आधी स्वच्छ धुऊन पुसा आणि कडेला धरूनच उचला.

तक्रार पाचवी : काच तळाच्या फरशीला चिकटून बसली. फरशीवर चिनी माती आणि अॅल्युमिना यांचा पातळ लेप द्यायचा राहिला, किंवा तो नीट वाळला नव्हता.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. काही वेळा तुकडा भट्टीतून अगदी छान निघतो आणि चार दिवसांनी कपाटातच तडकतो. ताण आतमध्ये दडून बसलेला असतो. तो पकडायचा कसा? संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलरॉइड चष्म्याची काच पडद्यासमोर धरून फिरवत जा. एका स्थितीत पडदा काळा दिसेल. आता मधे जोडलेली काच धरा. सांध्याभोवती उजेडाचं वलय दिसलं, तर तिथे ताण आहे. घरी भट्टी नसली तरी हा प्रयोग करता येईल. काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरा. तिच्यात रंगांचे पट्टे उमटतील, तोच पट्टीतला ताण!

आईबाबांनाही एक सांगणं आहे. भट्टी किंवा ज्योत मोठ्या माणसांनीच हाताळावी. काच कापताना आणि तापवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण तडकलेल्या काचेच्या ठिकऱ्या उडतात. आणि हे तर पाठच करा : गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच असते. त्यामुळे हात लावण्याआधी विचारायचं.

शेवटी, एक छोटी वही करा. कुठली काच, किती जाड, किती अंश, किती वेळ आणि काय बिघडलं, हे दर खेपेला लिहा. एका खेपेला एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर काच कशाने रुसली आणि कशाने हसली, ते कळणार कसं?