अभिमानाआधी ओळख

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्रादा या विख्यात फॅशन कंपनीने कोल्हापुरी वळणाची चप्पल आपल्या संग्रहात मांडली आणि तिच्या मूळ स्थानाचा उल्लेखही केला नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या चपलेच्या बाबतीत असे घडावे, याचा महाराष्ट्रात उसळलेला संताप रास्तच होता. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली आणि वाद निवळला. तरीही एक प्रश्न उरतोच. आणि तो आपल्याच घरांना विचारावयाचा आहे.

संतापलेल्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते की, या चपलांच्या प्रकारांना गावांची नावे आहेत आणि त्यांतील ‘कापशी’ हा प्रकार कागल तालुक्यातील सेनापती कापशी या गावचा? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमावतात, चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी हाताने कशी गुंफतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी कारागिराजवळ बसून पाहिले आहे? ज्या वस्तूची ओळख नाही, तिचा अभिमान घोषणेपुरता टिकतो. दुसऱ्याने ती उचलली की आपल्याला जाग येते. एरवी ती आपल्या उंबऱ्यातच पडून असते आणि आपण तिच्याकडे पाहत नाही.

पाहण्याची ही दृष्टी कोठून येते? याचे उत्तरही कागलमध्येच मिळते. कागलच्या एका कष्टकरी शेतकरी कुटुंबात १९३५ साली जन्मलेल्या आनंद यादव यांची शाळा लहानपणीच सुटली होती. वडिलांना शेतावर हात हवे होते. आईच्या धडपडीने आणि गावातील एका वजनदार गृहस्थांच्या शब्दामुळे ते पुन्हा शाळेत बसले. तेही सकाळी पिकाला पाणी पाजायचे आणि शाळा सुटल्यावर गुरे राखायची, या अटीवर. तेथे त्यांना सौंदलगेकर मास्तर भेटले. मास्तर कविता नुसती समजावून सांगत नसत, ती गाऊन आणि अभिनयासह उभी करीत. मास्तरांनी आपल्या दारातील मालतीच्या वेलावर कविता केली होती. मुलाने तो वेल पाहिला होता आणि ती कविताही ऐकली होती. दारातल्या वेलावर कविता होऊ शकते, तर आपल्या गावावर, आपल्या शेतावर का होऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले. जवळ कागद नसे, तेव्हा काटकीने म्हशीच्या पाठीवर किंवा खड्याने दगडावर ओळी लिहायच्या, पाठ झाल्या की पुसायच्या. या शिक्षणाची कहाणी सांगणाऱ्या ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचा एक अंश ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातून देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला.

आधी भाकरी, मग सौंदर्य, असे म्हणणाऱ्या व्यवहारी मंडळींनी या कहाणीचा अवश्य विचार करावा. भाकरीची चिंता कोणीही हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात ती असते, तेथे ती पहाटेपासून असते. पण या मुलाच्या घरी भाकरीचीच चिंता होती, आणि शाळेशी त्याला घट्ट बांधले ते कवितेच्या गोडीने. गुणपत्रिकेचा धाक ज्या मुलाला शाळेत थांबवू शकत नाही, त्याला कुतूहल थांबवते. शिकवणी, सराव परीक्षा आणि टक्केवारी यांत जखडलेल्या सुखवस्तू घरांतील मुलांचीही स्थिती फारशी निराळी नाही. त्यांना उत्तरे येतात. प्रश्न पडत नाहीत.

शिक्षण आणि कला यांना एकत्र पाहण्याची दृष्टी या मातीला नवी नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. त्याच राजाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. प्रजेला अक्षर मिळावे आणि चित्रकाराला रंगही, यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आज कायदा काय म्हणतो? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती शंभराहून अधिक पटसंख्येच्या शाळांपुरती. म्हणजे वाडीवस्तीवरील लहान शाळेतल्या मुलाला कलाशिक्षकाचा हक्कच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांतील भिंत काढण्याचा संकल्प केला, तो स्वागतार्ह आहे. मात्र शिकवणारा माणूसच नसेल, तर संकल्प कागदावर राहतो. ही पटसंख्येची अट शिथिल व्हावी, ही मागणी समाजाने आग्रहाने मांडली पाहिजे.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकजण शाळा समित्यांवर आणि वाचनालयांच्या कार्यकारिणीवर काम करतात. त्यांनी महिन्यातून एक तास गावच्या कारागिराला शाळेत सन्मानाने बोलवावे. चांभार, कुंभार, सुतार यांनी मुलांच्या हाती आपली हत्यारे द्यावीत. पालकांनी मुलांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात न्यावे आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीसमोर उभे करावे. समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या काठी ही मूर्ती आली कशी, हा प्रश्न मुलाला स्वतःहून पडू द्यावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये. व्यापाराचे जुने मार्ग, घाट आणि बंदरे यांचा भूगोल तो आपणहून शोधू लागेल.

आपला वारसा थोर आहे, हे मुलांना आपण पुष्कळ वेळा सांगितले. आता तो त्यांना हाताळू द्यावा, निरखू द्यावा, त्याविषयी शंका विचारू द्याव्यात. ज्याने वेणी गुंफताना पाहिली आहे, त्याला आपल्या चपलेचे मोल मिलानकडून शिकावे लागणार नाही. सौंदलगेकर मास्तरांना साधन लागले ते दारातल्या एका वेलाचे. असे वेल प्रत्येक गावात आहेत. ते दाखवणारे मास्तर आपल्याला व्हायचे आहे.