वर्दी, विमा आणि अम्मी-अब्बांचा दवाखाना

मागच्या महिन्यात मुंब्र्यातली आपली बैठक संपली, लोक चहाकडे वळले आणि एक मुलगा माझ्याजवळ येऊन थांबला. वय सव्वीस. कल्याणच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेला. भिवंडीच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत नोकरी, पगार साडेएकोणीस हजार. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, आईला शुगर. दोघांच्या आरोग्य विम्यासाठी एजंटने वर्षाला बासष्ट हजारांचा हप्ता सांगितला होता. म्हणजे तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त. त्याने विचारले, "भाई, टेरिटोरियल आर्मीत गेलो तर? नोकरी सांभाळून जाता येते म्हणतात. अम्मी-अब्बांचा इलाज फौजेच्या हॉस्पिटलात होईल." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आणि मग कोणी विचारणारही नाही, तुम्ही कुठले म्हणून."

या दोन वाक्यांनी मला अस्वस्थ केले. त्याला मी तेव्हा अर्धवट उत्तर दिले. हा लेख म्हणजे ते पूर्ण उत्तर आहे. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. राबोडीपासून कल्याणच्या दूध नाक्यापर्यंत अनेक घरांत तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो.

आधी सैन्याचे बघू. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांनी तिचे औपचारिक उद्घाटन केले. कल्पना साधी आहे : नागरिकाने आपला पोटापाण्याचा उद्योग करावा, वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा उभे राहावे. महाराष्ट्रात पुण्याला आणि कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या प्रादेशिक बटालियन आहेत. पण ही सेना पहिल्यापासून स्पष्ट सांगते की हा पेशा नाही आणि रोजगाराचे साधनही नाही. अधिकारी व्हायचे असेल तर तुमचे स्वतःचे उत्पन्न आधीपासून असावे लागते. जागाही फार नसतात. २०२५ मध्ये अधिकाऱ्यांसाठी जाहिरात निघाली, ती देशभरातून अवघ्या १९ जागांची होती.

आता विम्याचे. सेवेवर बोलावलेल्या काळात प्रादेशिक सैनिकाला नियमित सैनिकासारखा पगार आणि सवलती मिळतात. घरी परतला की तो पुन्हा तुमच्या-माझ्यासारखा नागरिक. माजी सैनिकांच्या कुटुंबांना आयुष्यभर उपचार देणारी योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, २००३ पासून चालू आहे. तिचे दार निवृत्तिवेतनातून उघडते. प्रादेशिक सेनेतल्या शिपायाला ते मिळायला प्रत्यक्ष सेवेची एकूण पंधरा वर्षे भरावी लागतात, अधिकाऱ्याला वीस. वर्षाला दोन महिने या हिशेबाने पंधरा वर्षे भरायला नव्वद वर्षे लागतील. अम्मी-अब्बांना तेवढी सवड नाही.

अग्निवीरचेही तेच. चार वर्षांनंतर साधारण दहा लाखांचा सेवा निधी हातात येतो आणि सेवेच्या काळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते. पण ते जीवन विम्याचे, मृत्यूनंतरचे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ना पेन्शन, ना माजी सैनिकाचा दर्जा, ना ईसीएचएस. हे सैन्याने २०२२ च्या भरतीच्या अटींतच लिहिले आहे.

मग ही कल्पना आली कुठून? बहुधा अमेरिकेतून, व्हिडिओ पाहून. तिथे हे गणित खरोखर जुळते. नॅशनल गार्ड किंवा राखीव दलातला अर्धवेळ सैनिक २०२४ मध्ये महिन्याला सुमारे २५७ डॉलर भरून सगळ्या कुटुंबाचा विमा घेऊ शकत होता. म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या आसपास. त्याच वर्षी नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी खर्च, मालकाचा आणि कामगाराचा वाटा धरून, पंचवीस हजार डॉलरच्या वर होता. त्यामुळे तिथले अनेक तरुण बाप झाल्यावर गणवेशाचा विचार करतात. मला त्यात हेवा वाटावा असे काही दिसत नाही. मुलाला ताप आला तर डॉक्टर परवडावा म्हणून बापाने बंदूक उचलायची, हा त्या देशाच्या आरोग्य व्यवस्थेवरचा ठपका आहे.

शिवाय अर्धवेळ या शब्दावर फार विसंबू नका. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव वाढला, तेव्हा केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ सेवेवर आणण्याची तरतूद झाली. हे कधीही होऊ शकते आणि होणे योग्यही आहे. सेना असते त्यासाठीच. परतल्यावर जुन्या नोकरीवर परत घेण्याचे बंधन कायदा मालकावर घालतो. पण ज्याचा मालक कागदावर नाहीच, जो अॅपवर डिलिव्हरी करतो किंवा दर अकरा महिन्यांनी नव्या ठेकेदाराच्या नावावर जातो, त्याला परत कोण घेणार? आपल्या वस्त्यांतली बहुतेक पोरे याच रांगेत आहेत.

म्हणून माझे मत असे : सैन्यात जायचे असेल तर सैन्यासाठी जा. शिस्त आवडते, देशासाठी काही करावेसे वाटते, अंगात धमक आहे, तर जरूर जा. तयारीला आपण मदत करू. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान १९४८ मध्ये नौशेराच्या आघाडीवर शहीद झाले. हवालदार अब्दुल हमीद १९६५ मध्ये खेमकरण भागात पाकिस्तानी रणगाडे फोडताना शहीद झाले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ते विम्याचा हप्ता वाचवायला गेले नव्हते आणि आपण कुठले हे सिद्ध करायलाही नाही. तुझ्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर यातच आहे. या मातीतले असण्यासाठी तुला गणवेशाची गरज नाही. तुझे रेशनकार्ड, तुझी दहावीची मार्कशीट आणि तुझी मराठी पुरेशी आहे. कोणी विचारलेच, तर लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे.

आता अम्मी-अब्बांचे काय, हा खरा प्रश्न. त्या मुलाला मी विचारले, तुझ्या पगारातून ईएसआयसी कापतात का? त्याला माहीत नव्हते. पगाराची चिठ्ठी त्याला कधी मिळालीच नव्हती. दहा किंवा जास्त माणसे कामावर असतील आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्याच्या हिशेबाने महिन्याला १४६ रुपये त्याचे आणि ६३४ ठेकेदाराचे. त्यात बायको-मुलांबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. मोठ्या उपचारांना वर्गणीच्या मुदतीच्या अटी आहेत, पण जुन्या आजारासाठी वेगळा हप्ता नाही. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि उल्हासनगरला या योजनेची रुग्णालये आहेत. जे तो सैन्यात शोधत होता, त्यातले बरेचसे त्याचा ठेकेदारच त्याला देणे लागत होता.

दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचे. मदत क्रमांक १५५३८८. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते.

तिसरे, धर्मादाय रुग्णालये. मोठमोठ्या नावांची अनेक खासगी रुग्णालये कागदोपत्री ट्रस्ट असतात. त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्ण दारात असताना तो मिळत नाही.

चौथे, खासगी विमा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. म्हणजे आज पंचविशीत स्वस्तात घेतलेली पॉलिसी चाळिशीत उपयोगी पडते. आईवडिलांची पॉलिसी शक्यतो वेगळी घ्या, नाहीतर सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावरून सगळ्यांचा हप्ता ठरतो. आजार लपवू नका, दावा तिथेच अडतो. विमा जायज की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याच्या मनात शंका आहे त्याने आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण फुले योजनेत तुम्हाला हप्ताच भरायचा नाही आणि ईएसआयसी हा कायद्याने कामगाराला दिलेला हक्क आहे. या दोन गोष्टी शंकेपायी सोडून देऊ नका.

एवढे करूनही दवाखाना चांगला हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्यापासून पालघरच्या पाड्यांपर्यंतचा भार एका रुग्णालयावर पडतो. डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय सक्षम असेल तर कळव्यावरचा भार हलका होईल आणि आपला हप्ताही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी लावून धरायला हवी आणि त्या मागणीत आपला आवाज मशिदीच्या नव्हे तर वॉर्डाच्या नावाने उठायला हवा. कारण खाटेच्या रांगेत उभा असलेला कदम आणि उभा असलेला काझी, दोघांची अडचण एकच आहे.

सध्या आपण काय करू शकतो? जुम्यानंतर कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी क्यूआर कोड फिरतो, आपण शंभर-दोनशे टाकतो. ते चालू ठेवा, ते सवाबाचे काम आहे. त्यासोबत प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन मुलामुलींनी आठवड्याला दोन तास टेबल मांडावे. कुणाचे रेशनकार्ड अपुरे आहे, कुणाची ईएसआयसी कापली जात नाही, कुणाचा दाखला अडला आहे, याची वही ठेवावी. त्या मुलाच्या ठेकेदाराबाबत आम्ही अर्ज तयार करतो आहोत. त्याच गोदामातल्या आणखी अकरा जणांनी त्यावर सह्या करायची तयारी दाखवली आहे. त्यातले पाच जण मुसलमान नाहीत.

तो मुलगा अजूनही रोज सकाळी धावतो. सैन्याची पुढची जाहिरात आली की अर्ज करणार म्हणतो. मी त्याला म्हणालो, जरूर कर. फक्त अब्बांची फाइल त्यात मिसळू नकोस. ती आपण इथेच सोडवू.