मिठाईचा डबा आणि बोनस

दिवाळी अंकाचे संपादकीय अभ्यंगस्नान, नरकासुर आणि पोह्यांच्या पाच तऱ्हांनी सुरू करायची आपल्याकडे रीत आहे. यंदा ती बाजूला ठेवतो. पिसुर्ले, होंडा, डिचोली, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींतून संध्याकाळी सुटणाऱ्या बसगाड्यांत या दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो, "बोनस मेळ्ळो?" कायम कामगार आकडा सांगतो. ठेक्यावरचा मांडीवरचा मिठाईचा डबा दाखवतो.

डबा ही मालकाची खुशी. दिला तर दिला. बोनसचे तसे नाही. दरवर्षी मोबाईलवर एक मजकूर फिरतो, की इंग्रजांनी बावन्न आठवड्यांतले चार गिळले, त्यांची भरपाई म्हणजे बोनस. वाचायला छान! खरी हकिकत कडू आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, मुंबईच्या गिरण्यांना नफाही दांडगा झाला, तेव्हा मालकांनी बोनस देऊ केला. १९२३चा बोनस नाकारल्यावर दीड लाखाच्या आसपास कामगार १९२४च्या आरंभी दोन महिने संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने सांगितले, बोनसवर तुमचा कायद्याने वा रूढीने कसलाच हक्क नाही. माणसे रिकाम्या हाताने कामावर परतली. तिथून १९६५च्या बोनस कायद्यापर्यंत ४१ वर्षे गेली. किमान बोनस आधी ४ टक्के होता, पुढे ८.३३ झाला. शंभराला बारांनी भागा, हाच आकडा येतो. म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार. फक्त हिशेबाला किती पगार धरायचा याला मर्यादा आहे.

गेल्या दिवाळीनंतर महिनाभरात, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, वेतन संहिता लागू झाली आणि किमान वेतन, पगारवाटप, बोनस, समान वेतन हे चारही जुने कायदे तिच्यात गेले. बोनसचा गाभा तोच राहिला. आस्थापनेत वीस माणसे हवीत, वर्षात निदान ३० दिवस काम झालेले हवे, पगार सरकारने ठरवलेल्या मर्यादेत हवा. नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षे काही सवलत आहे; एरवी तोटा दाखवून किमान बोनस टळत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीच्या गळ्यात पडतो. आणि दावा झाला, तर पैसे दिल्याचे मालकाने सिद्ध करायचे. मला हे कलम सगळ्यात मोलाचे वाटते, कारण आपली माणसे 'हातात कागद नाही' म्हणूनच घरी बसतात.

दुसरे कारण भीड. गोव्यातल्या खाणी २०१२ला बंद पडल्या, २०१८ला पुन्हा. ट्रक दारात उभे राहिले, गॅरेजे ओस पडली, आणि मिळेल ते काम मिळेल त्या पगारावर करायची सवय लागली ती लागलीच. ही भीड समजते, पण आपल्या सत्तरी तालुक्याला शोभत नाही. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला तेव्हा पोर्तुगीज लष्करातले मराठे शिपाई इथेच, वाळपईजवळच्या नाणूसच्या किल्ल्यावर आले आणि दादा राण्यांनी त्यांना साथ दिली. आपण त्याला राण्यांचे बंड म्हणतो. ठिणगी पडली ती चाकरीच्या अटींवरून.

आज तलवार नको, पगाराची पावती पुरे. काजूच्या कारखान्यात किलोमागे पैसे घेणाऱ्या बाईनेही ती मागावी. नगावर काम असले तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. पावतीवर मूळ पगार, महागाई भत्ता आणि कपात वेगवेगळी लिहिलेली आहे का, ते पाहावे. घरात शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर सुट्टीत त्यांना तेवढे काम सांगावे.

कामगार आयुक्तांचे कार्यालय पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात आहे. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा बोनस हाती पडायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर.