शेड, सागवान आणि सहा पायांचे भाडेकरू

घरून काम करणाऱ्याला घरातच जागा नसते, हे एव्हाना तुम्हालाही कळलं असेल. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी आईने निवडायला घेतलेली मेथी, आणि एडिटरचा फोन आला की नेमकी कुकरची शिट्टी. म्हणून मागच्या वर्षी मी ठरवलं, सिंहगड रोडवरच्या आमच्या रो-हाउसच्या मागे जे छोटंसं अंगण आहे, तिथे एक लाकडी शेड बांधायची. आठ बाय आठ. एक टेबल, एक खिडकी, एक फॅन. उरलेल्या कोपऱ्यात बाबांची हत्यारं आणि आजोबांच्या डायऱ्यांचा खोका.

बजेट अर्थातच फ्रीलान्सरचं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागवानाचा भाव विचारला आणि नुसता चहा पिऊन परत आले. मग एका मित्राने फंडा दिला. परदेशातून मशिन्स येतात ना, त्यांची पाइनवुडची क्रेट्स भोसरीकडे भंगारात स्वस्तात मिळतात. मिळाली! शिवाय फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असलेला शिक्काही होता. हीट ट्रीटेड. म्हणजे ट्रीटमेंट झालेलं लाकूड, वाळवीचं टेन्शन नाही, असं मी घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

त्या शिक्क्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. लाकूड अगदी गाभ्यापर्यंत किमान 30 मिनिटं 56 अंश सेल्सिअसला तापवलंय, एवढंच तो सांगतो. एका देशातली कीड फळीत बसून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. आतले किडे मेले, ठीक. बाहेरून येणाऱ्यांना मात्र काहीच मज्जाव नाही. आणि पाइन म्हणजे वाळवीसाठी श्रीखंड-पुरी.

मे महिन्यात शेड उभी राहिली. चार खांब थेट जमिनीत दीड-दीड फूट पुरले, भोवती सिमेंट ओतलं, एकदम सॉलिड. तिथे पूर्वी एक पेरूचं झाड होतं. ते कापलं होतं, पण बुंधा मातीखाली तसाच होता. त्याच्याकडे कोण बघतंय! जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि रात्री ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले. सकाळी फरशीवर पंखांचा सडा. आई म्हणाली, ‘अगं, ही वाळवी आहे.’ मी म्हटलं, ‘दरवर्षीच येते की.’

तसं त्या पंखवाल्यांनी माझं काहीच बिघडवलं नव्हतं. त्यांना नवा संसार थाटून पोरंबाळं वाढवायला वेळ लागतो. माझी शेड खाल्ली ती आधीपासून जमिनीत, त्या पेरूच्या बुंध्यावर पोसलेल्या वसाहतीने.

दिवाळीच्या साफसफाईत डायऱ्यांचा खोका उचलला, तर तळ जमिनीवरच राहिला. वरून डायऱ्या ठीकठाक दिसत होत्या. पुठ्ठे शाबूत, कापडी पाठ शाबूत. उघडल्या तर आत माती. सगळ्यात खाली 1961 सालची होती. आजोबा तेव्हा शनिवार पेठेत राहायचे. 12 जुलैला पानशेत फुटलं तेव्हा त्यांनी ही डायरी शर्टाच्या आत खोचून बाहेर काढली होती, आणि पुढचे कित्येक दिवस तिच्यात रोज लिहिलं होतं. ती पानं मी ‘नंतर निवांत स्कॅन करू’ म्हणून ठेवली होती. आता फेब्रुवारीपर्यंतचा मजकूर वाचता येतो. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी ती झटकली आणि वर कपाटात नेऊन ठेवली.

शेड बघायला एका मैत्रिणीच्या ओळखीचे सुतारकाका आले. सत्तरीचे असतील. त्यांनी खांबावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

‘ताई, लाकूड मातीत कुणी पुरलं?’

‘मीच. सिमेंट पण घातलंय, काका.’

‘म्हणजे तिला झाकलेला रस्ता करून दिलात. सिमेंट सुकताना आकसतं, लाकूड आणि सिमेंटमध्ये फट पडते. तिला अंधार आणि ओल, दोन्ही फुकट. विश्रामबागवाडा बघितलाय ना? एकदा खालून बघा.’

मी इतकी वर्षं तो वरून बघत आले होते. त्या नक्षीचे फोटोसुद्धा छापलेत! यावेळी खाली बघितलं. जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत जात नाही. आधी दगडी जोतं, त्यावर दगडाचा तळखडा, आणि त्यावर खांब. शनिवारवाड्याचं लाकूड 1828 च्या आगीत गेलं, पण दगडी जोती अजून जागेवर आहेत. वरचं काय नि खालचं काय, याची वाटणी तिथे सरळ दिसते.

मला वाटायचं, दगड वाळवीला अडवतो. काका म्हणाले, छे, ती दगडावरूनही चढते. पण उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, त्यामुळे मातीची नळी बांधत चढावं लागतं. दगडावर ती नळी दिसते. मातीत पुरलेल्या खांबाला ती आतूनच खाते, तुम्हाला कळतं तेव्हा वरचा पापुद्राच उरलेला असतो.

नवी शेड फेब्रुवारीत झाली. आधी पेरूचा बुंधा मुळांसकट खणून काढला (दोन माणसं, अख्खा दिवस). मग पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून जमिनीत इमिडाक्लोप्रिड. त्याआधी शेजाऱ्यांची बोअरवेल कुठे आहे ते विचारलं, तुम्हीही विचारा. आणि हे औषध कायमचं नसतं. शिवाय नंतर हौसेने कुंपणाशी गुलाब लावायला खणलंत की तो थर तिथेच तुटला. फूटभर उंच दगड, त्यावर जीआयचे ब्रॅकेट, त्यावर जुन्या सागवानाचे खांब. काकांनी एक-एक वासा फिरवून बघितला आणि सालीलगतचा पांढरट भाग असलेले दोन परत पाठवले. सागाचा गाभा वाळवीला नकोसा असतो, पण तो पांढरा भाग ती आवडीने खाते. खर्च पहिल्या शेडच्या तिप्पट. या वर्षीची गोव्याची ट्रिप त्यात गेली.

शेडखाली आता काहीही ठेवायचं नाही. कुंडी नाही, रद्दी नाही, ‘दोन दिवसांपुरती’ फळीसुद्धा नाही. दर रविवारी सकाळी टॉर्च घेऊन मी पालथी पडून चारही दगड बघते. शेजारच्या काकूंना वाटतं, हे काहीतरी नवीन योगासन आहे.

गेल्या रविवारी तिसऱ्या दगडावर पेन्सिलीएवढी जाड नळी सापडली. वीतभरही नव्हती, लाकडापासून चार बोटं खाली. खरवडून काढली आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन केला. बुधवारी येतो म्हणालेत. तोवर बाबा रोज ऑफिसला जाताना तो दगड बघून जातायत.