गाडी आपल्या मापाची



हल्ली स्थळ बघायला गेलं की घराबरोबर दारातली गाडीही बघतात. गाडी जितकी उंच, तितकं घर मोठं, असा समज झालाय. मला मात्र वाटतं की रोजच्या वापराची गाडी लहानच असावी, आणि ती घरातल्या बाईला चालवता यावी.

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांचे रस्ते मोटारींसाठी झालेलेच नाहीत. ऑल्टो के १० ची लांबी ३.५३ मीटर आणि रुंदी दीड मीटरच्या आत. फॉर्च्युनर तिच्यापेक्षा सव्वा मीटर लांब. महाद्वार रोडला गाडी लावायला जागा मिळणार की नाही, ते त्या सव्वा मीटरवरच ठरतं. पेट्रोलचा हिशोब तर वेगळा सांगायलाच नको.

पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न चावीचा आहे. मोठी गाडी आली की चावी पुरुषांच्या खिशात जाते. "तुला बोळात वळवता येणार नाही," एवढं एक वाक्य पुरतं. मग सासूबाईंना बस्तीत प्रवचनाला न्यायचं, मुलांना क्लासहून आणायचं, तर कुणीतरी मोकळं होण्याची वाट बघायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी घरी पोचून सगळ्यांची ताटं वाढायची असतात, तेव्हा ही वाट बघणं किती महाग पडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आईच्या पिढीतल्या ज्या मोजक्या बायका मी गाडी चालवताना पाहिल्या, त्या बहुतेक मारुती ८०० चालवायच्या. १९८३ साली आलेली ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती.

लहान गाडीची लाज वाटण्याचं कारण काय? नॅनो २००९ मध्ये बाजारात आली आणि लाखाची गाडी म्हणून गाजली. तिच्या अपयशाला इतर कारणंही होती, पण 'स्वस्त' हा शिक्का तिला नडला, हे खुद्द रतन टाटांनीही नंतर मान्य केलं. उलट जपानसारख्या श्रीमंत देशात 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्गच आहे. लांबी जास्तीत जास्त ३.४ मीटर, इंजिन ६६० सीसीपर्यंत. तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश याच असतात.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्यांना, एअरबॅग नसलेल्या मॉडेलना, शून्य तारे मिळाले होते. म्हणून घेताना एअरबॅग आणि तारे तपासाच. रात्रीच्या हायवेला, पाच माणसं आणि सामान घेऊन यात्रेला निघायचं असेल, तर भाड्याने मोठी गाडी करा. वर्षातल्या चार यात्रांसाठी उरलेले दिवस मोठी गाडी का सांभाळायची?

लहान गाडी म्हणजे अहिंसा, असं मी म्हणणार नाही. चाक फिरलं की जीवहिंसा होतेच. पण श्रावकाला परिग्रहपरिमाण व्रत सांगितलंय. आपण साड्यांची, दागिन्यांची मर्यादा घेतो. मग दारातल्या गाडीला ती का लावत नाही? 'परवडतं म्हणून' आणि 'लागतं म्हणून' यांतला फरक करायला हे व्रत शिकवतं, असं मला वाटतं.

तेव्हा घरात नव्या गाडीची बोलणी निघाली, तर चहा ठेवायला आत जाऊ नका. शोरूममध्ये सोबत जा आणि मागच्या सीटवर न बसता आधी स्टिअरिंगसमोर बसा. पाय पोचतात का, मागचं दिसतं का, बोळात वळते का ते बघा. ट्रायल तुम्ही स्वतः घ्या, आणि मगच गाडीला होकार द्या.