विश्लेषण : दिव्यांगांसाठी घरच्या घरी ताकदीचे व्यायाम का गरजेचे? ते करताना कोणती काळजी घ्यावी?

व्हीलचेअरवरून पलंगावर, तिथून शौचालयात आणि पुन्हा खुर्चीत. पायांत ताकद नसलेल्या व्यक्तीला दिवसातून अनेकदा असे जागाबदल करावे लागतात. दर वेळी शरीराचा बहुतेक भार दोन हातांवर येतो. हात आणि खांदे साथ देतात तोवर ही कामे एकट्याने होतात. ते थकले की प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यामुळे ताकदीचा व्यायाम हा इथे स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

घरीच व्यायाम का?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. त्यांतील सुमारे ५४ लाख जणांचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. मात्र अनेक व्यायामशाळा पहिल्या मजल्यावर किंवा तळघरात असतात आणि पायऱ्यांपाशीच वाट अडते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम्य असायला हव्यात. प्रत्यक्षात नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्याचे निर्देश केंद्राला दिले. ते निकष पायऱ्यांपर्यंत पोहोचेपर्यंत अनेकांसाठी घर हाच पर्याय आहे.

व्यायाम किती करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींच्या मार्गदर्शक सूचनांत प्रथमच दिव्यांगांसाठी स्वतंत्र शिफारशी केल्या. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, असे त्यात म्हटले आहे. ‘थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी’ हा त्यातील मुख्य सूर आहे. मज्जारज्जूला दुखापत झालेल्या प्रौढांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही काम करणाऱ्या प्रत्येक प्रमुख स्नायूगटासाठी तीन संच, आठवड्यातून दोनदा, असे प्रमाण आहे.

खांद्यांकडे विशेष लक्ष का?

व्हीलचेअर ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू सतत वापरले जातात. पाठीचे स्नायू त्या मानाने कमी वापरले जातात. हा असमतोल वाढला की खांदे पुढे झुकतात आणि सांध्यातील स्नायूबंध घासले जाऊन दुखणे सुरू होते. म्हणून ढकलण्यापेक्षा ओढण्याच्या व्यायामावर भर हवा. खिडकीच्या मजबूत गजाला छातीच्या उंचीवर रबरी पट्टा अडकवावा, व्हीलचेअरचे ब्रेक लावावेत आणि कोपरे मागे नेत पट्टा हळूहळू ओढावा. ८ ते १२ वेळा ओढल्यावर दमायला व्हावे, पण दुखू नये, इतकाच ताण असावा.

साधने कोणती?

पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे साधारण एक किलोचे वजन. तीच बाटली शरीराजवळ धरली तर खांद्यावर कमी, हात लांब केला तर जास्त ताण येतो. पकड कमकुवत असेल तर वाळूची छोटी पिशवी मनगटाला पट्ट्याने बांधता येते. गुडघ्याखाली पाय गमावलेल्यांना पोटावर झोपून मांडी मागे उचलण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. त्याने कंबरेमागचे स्नायू बळकट होतात आणि कंबरेचा सांधा आखडत नाही. कृत्रिम पाय लावून चालताना या दोन्हींची गरज असते.

धोका कुठे?

एकच तक्ता सगळ्यांना लागू पडत नाही. मज्जारज्जूची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर रक्तदाब अचानक धोकादायकरीत्या वाढू शकतो. तुंबलेले मूत्राशय हे त्याचे नेहमीचे कारण. त्यामुळे व्यायामापूर्वी ते रिकामे करणे आवश्यक आहे. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घाम येणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवावा, ताठ बसावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. अशा व्यक्तींना दुखापतीच्या खालच्या भागात घामही नीट येत नाही. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात व्यायाम पहाटेच उरकलेला बरा. संवेदना नसलेल्या त्वचेवर लाली आली आहे का, हे व्यायामानंतर तपासावे.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. मात्र लहानपणी पोलिओ झालेल्या अनेकांना काही दशकांनी स्नायूंचा नवा अशक्तपणा जाणवतो. त्यांनी थकवा येईपर्यंत व्यायाम केल्यास ताकद वाढण्याऐवजी घटू शकते. ड्युशेनसारख्या स्नायुविकारातही जड वजने टाळावी लागतात.

सुरुवात कशी करावी?

आधी फिजिओथेरपिस्टकडून कोणते स्नायू काम करतात, कोणत्या सांध्यांना जपायचे, हे तपासून घ्यावे. त्यानुसार आखलेले चार-पाच व्यायाम घरी करता येतात. ते करताना सुरुवातीला कुणीतरी जवळ असावे. घरच्या व्यायामाने खांदे बळकट होतील. मात्र व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर उतार बांधण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.