छत्री कशावर उगवली, ते आधी विचारा

आषाढातली पहिली झड ओसरली, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या आठवडी बाजारांत आणि जंगलालगतच्या रस्त्यांवर सात्यांचे वाटे दिसू लागतात. भाव स्वस्त नसतो, तरी दुपारपर्यंत वाटे संपलेले असतात. ‘जंगली मशरूम खाऊ नका’ अशा सूचनाही याच सुमारास निघतात. सूचना फलकावर राहते आणि सात्या घरोघरी शिजतात. पिढ्यान्‌पिढ्या रानातली भाजी खाणाऱ्या माणसाला नुसतं ‘खाऊ नका’ सांगून काही उपयोग होत नाही. कोणती छत्री कशावर पोसली जाते, हे त्याला सांगितलं तर ते त्याच्या ओळखीच्या भाषेत असेल, कारण त्याचं स्वतःचं ज्ञानही तिथूनच सुरू होतं.

आपण जिला छत्री म्हणतो ते बुरशीचं फक्त फळ. तिचं खरं शरीर म्हणजे माती, लाकूड किंवा शेणात पसरलेलं, केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंचं जाळं. बुरशीत हरितद्रव्य नसतं, म्हणून झाडासारखं उन्हावर तिला स्वतःचं अन्न करता येत नाही. पोटही नसतं. आपण अन्न आधी गिळतो आणि मग पचवतो, तर बुरशी आधी पचवते आणि मग आत घेते. तंतूंच्या टोकांतून पाचक रस बाहेर सोडायचे, समोरचा पदार्थ विरघळवायचा आणि तो शोषून घ्यायचा, ही तिची पद्धत. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन फारच थोड्या जिवांना पचतं, त्यांत काही बुरश्या येतात. २०२१ साली कोरोनानंतर ज्या ‘काळ्या बुरशी’ची धास्ती सगळ्यांनी घेतली होती, तीही माणसाच्या शरीरात याच रीतीने वाट काढत होती.

गवताळ जागेवरची गंमत पाहण्यासारखी असते. ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावं उठून गेल्यावर त्यांच्या शेतांची कुरणं झाली. अशा कुरणात गवताची मेलेली मुळं, कुजलेलं पातं आणि चितळ-गव्यांचं शेण, हे बुरशीचं जेवण. तंतू मध्यापासून चारी बाजूंना सारखे वाढले, तर कधी कधी छत्र्या गोल रिंगणात उगवतात आणि त्या रिंगणातलं गवत जास्त हिरवं दिसतं. कुजलेल्यातला नायट्रोजन बुरशीने मोकळा केलेला असतो, तो गवताला मिळतो. लोक त्याला चकवा म्हणोत की आणखी काही, खतच ते.

काही बुरश्या मेलेल्यावर जगत नाहीत. जिवंत झाडाच्या मुळांना त्या लपेटून राहतात, झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवतात आणि बदल्यात साखर घेतात. साग आणि बांबू यांच्या मुळांतल्या अशा सोबती बुरशीला छत्री येतच नाही, ती मातीतच राहते. सालवृक्षाचं वेगळं आहे. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून निघणारा ‘बोडा’ हा सालाच्या मुळांचाच सोबती. युरोपात सर्वाधिक बळी घेणारी ‘डेथ कॅप’ ही अमानिटा गटातली छत्रीदेखील ओकसारख्या झाडांच्या मुळांशी अशीच नातं जोडून असते.

आणि सात्या? त्या वाळवीच्या शेतात पिकतात. वाळवी, म्हणजे आपली उधई, लाकूड-पाला खाऊन त्याच्या अर्धवट पचलेल्या लगद्याचे पोळ्यासारखे गड्डे वारुळात रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढवते. ती बुरशी लाकूड मऊ करून देते, मग वाळवी तेच खाते. माणसाची शेती साधारण दहा हजार वर्षांची, वाळवीची सुमारे तीन कोटी वर्षांची. म्हणून तर सात्या उपटायला गेलं की देठाखाली मुळासारखा लांब दांडा खोलवर वारुळाकडे गेलेला सापडतो. धिंगरी तणसावर घरीही पिकवता येते. सात्यांची तशी शेती अजून कोणाला नीट जमलेली नाही, कारण वाळवीशिवाय हे गणित सुटत नाही. गोव्यात हिलाच ‘रोयणीची अळमी’ म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ, म्हणजे छत्री कशावर उगवते ते नावातच सांगून टाकलेलं.

जाणती बाई सात्या ओळखते ती एकट्या रंगरूपावरून नव्हे. दरवर्षीचं वारूळ, पावसाची वेळ आणि तो लांब दांडा हे सगळं ती पाहते. बाजारात देठ तोडून टोपलीत ठेवलेल्या छत्रीपासून नेमकी हीच माहिती तुटते. शहरातून आलेल्या गिऱ्हाइकाने भाव विचारण्याआधी ‘कुठे निघाल्या?’ हे विचारावं आणि दांड्यासकटच मागावं. अर्थात जागेवरून नको ती छत्री बाद करता येते, खाण्याची हमी मिळत नाही. अंगणात, हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम ही मोठी पांढरी छत्री भल्याभल्यांना फसवते. तिच्या पाकळ्या आधी पांढऱ्या असतात आणि मग हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा होतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षा साफ निरुपयोगी आहेत. विषारी अमानिटा गोगलगायी खुशाल खातात.

जे विरघळेल ते शोषणाऱ्या या जिवाला चांगलं-वाईट कळत नाही. काही छत्र्या मातीतलं कॅडमियम, पारा स्वतःत साठवतात. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर युरोपातल्या रानछत्र्यांत किरणोत्सारी सीझियम कित्येक वर्षं सापडत राहिलं. चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. राखेच्या तळ्याकाठची, खाणीच्या ढिगाऱ्यावरची, हमरस्त्यालगतची किंवा फवारलेल्या बांधावरची छत्री ओळखीची असली तरी घेऊ नये.

डॉक्टरांच्या शिक्षणात बुरशी येते ती नायट्यापुरती आणि फुफ्फुसापुरती, छत्रीच्या वाट्याला दोन-चार ओळी. म्हणून एक गोष्ट डॉक्टर आणि घरच्यांनी, दोघांनीही ध्यानात ठेवायला हवी. लवकर सुरू झालेल्या उलट्या त्रासदायक असतात, पण सहा तासांहून उशिरा सुरू झालेल्या जास्त धोक्याच्या. अमानिटाचं विष शिजवून जात नाही. एक दिवस जुलाब होतात, मग रुग्णाला बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. पर्लकोटेला पूर आला की तुटणाऱ्या भामरागडसारख्या भागात हा ‘बरं वाटल्याचा’ दिवस वाया घालवणं परवडत नाही. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्यावं. सोबत उरलेली भाजी आणि मातीसकट खणलेली एक अख्खी छत्री न्यावी, प्लास्टिकमध्ये ती सडते म्हणून कागदात गुंडाळून. ती कुठे उगवली होती, वारुळावर, शेणावर, लाकडावर की कोणत्या झाडाखाली, तेही लिहून द्यावं.